पाठीमागे असे कोण

मारुतराव आबांना दोन वर्षांपासून पोथीतलं एक अक्षर दिसत नव्हतं, आणि ही गोष्ट अख्ख्या कासुर्डीत फक्त आबांनाच ठाऊक होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दारात कुणी उभं राहिलं तर कुणीतरी आलंय एवढं कळे, आणि ते माणूस बोललं की कोण आलंय ते कळे. पण गावात पोथी वाचायचा मान चाळीस वर्षं आबांचा होता आणि सगळे अध्याय त्यांना तोंडपाठ होते. समोर पोथी उघडायची, वीसेक ओव्या झाल्या की पान उलटायचं, आणि मधूनच एखाद्या ओळीवर बोट ठेवून "काय शब्द टाकलाय बघा" असं म्हणायचं, की झालं. चालताना कुणाचा तरी हात धरावा लागे, म्हणून त्यांनी गुडघेदुखीचं निमित्त काढलं होतं.

ऑपरेशन करून घेतलं असतं तर ही सगळी कसरत वाचली असती, पण आबा भीत होते. सलूनवाल्या पप्पूने त्यांना सांगितलं होतं की डोळा चमच्याने बाहेर काढतात, बशीत ठेवून धुतात आणि परत बसवतात, आणि हे सगळं माणूस जागा असताना. "आन् उजवा डोळा डावीकडं बसला तर?" आबांनी विचारलं होतं. "व्हतं की कवा कवा," पप्पू म्हणाला होता. त्या दिवसापासून आबा कपात चहा घेत, पण बशी समोर आली की तोंड फिरवत. दिसत नाही असं एकदा कबूल केलं की मान जाणार आणि पोरं उचलून दवाखान्यात नेणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तेव्हा अळीमिळी गुपचिळी.

शेवंतीवाल्या सिंधूबाईंनी सात दिवसांचं पारायण मांडलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी आबांना तीन वाजताच बोलावलं, एरवी चार वाजता बसायचं ठरलेलं होतं. "चारला थ्री-फेज लाइट यायची हाय, मंग समदी पाण्याच्या मोटारीच्या मागं पळत्याल," त्या म्हणाल्या. घरातल्या तरुण बायका फुलं तोडायला रानात होत्या. समोर बसल्या होत्या त्या सगळ्या नातवंडांच्या आज्या. सून सायली तेवढी न्हाऊन, मोकळ्या ओल्या केसांनीच मागच्या पडवीत नैवेद्यासाठी तांदळाचं पीठ चाळत होती.

सिंधूबाईंनी आबांना हाताला धरून चौरंगापाशी बसवलं. "तुमचं बरं हाय, आबा. या वयात बारीक अक्षर वाचताय. मला तर तांदळातला खडा दिसंना. रविवारी दौंडला डोळ्यांचं शिबिर हाय, पोरानं माझं नाव देऊन ठेवलंय. पर मी न्हाई जायची. लई भ्या वाटतं."

"त्यात काय भ्यायचं, सिंधूबाई?" आबा म्हणाले, आणि विषय नको म्हणून पोथी मागितली.

आबांनी देव्हाऱ्यातून आलेलं लाल कापड सोडलं. पोथीत खूण म्हणून मोरपीस असे आणि ते वरच्या बाजूने बाहेर आलेलं असे. ते चाचपून आबा पोथीची वरची बाजू ओळखत. आजही बोटांना मोरपीस लागलं. त्यांनी ती बाजू वर करून पोथी चौरंगावर ठेवली आणि उघडली. कागद आज जाड आणि गुळगुळीत लागत होता. सिंधूबाईंनी नवी पोथी आणलेली दिसते, शेवंतीला बाजार चांगला असणार, असा विचार करून आबांनी हात जोडले.

आबांना जे दिसलं नाही ते आता सांगितलंच पाहिजे. त्या लाल कापडात पोथी नव्हती. सिंधूबाईंची नात समृद्धी सहावीला होती. तिने शाळेच्या ग्रंथालयातून एक पुस्तक आणलं होतं: परदेशातल्या जुन्या नावाजलेल्या भयकथा, मुलांसाठी सोप्या करून सांगितलेल्या, आणि पानोपानी मोठमोठी रंगीत चित्रं. पोरगी दिवसा ते मिटक्या मारत वाची आणि रात्री मोरीपर्यंत जायला आईला उठवी. तीन रात्री उठल्यावर सायलीने सांगून टाकलं होतं, "परत हे पुस्तक दिसलं तर बंबात घालीन." तेव्हा समृद्धीने सकाळी शाळेत जाताना ते अशा ठिकाणी ठेवलं जिथे आई पारोशी हात लावणार नाही. पोथी तिने देवाच्या फोटोमागे सरकवली, वाचत आलेल्या पानात पोथीतलंच मोरपीस घातलं, तेही घाईत खालच्या बाजूने, आणि कापड पहिल्यासारखं बांधलं. साडेतीनला घरी येऊन अदलाबदल करायची असा तिचा बेत होता. वाचन तीनला सुरू होईल हे तिला कुठलं माहीत असायला?

पीस खालच्या बाजूने होतं, त्यामुळे पुस्तक आबांच्या बाजूने उलटं आणि समोर बसलेल्या बायकांच्या बाजूने अगदी सुलटं होतं. आबांनी डोळे पुस्तकावर रोखले आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"पाहता देवाचे श्रीमुख । हरपले भक्ताचे दुःख । नेत्रां झाले परमसुख । दुजे काही दिसेना ॥"

समोरच्या पानावर एक पांढराफटक माणूस पेटीतून अर्धा उठून बसला होता. त्याचे सुळे हनुवटीपर्यंत आले होते आणि हनुवटीवरून लाल ओघळ आला होता. पहिल्या रांगेतल्या साखरबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण सुळे ओळखायला शाळा लागत नाही. त्यांनी शेजारच्या झुंबरबाईंना कोपर मारलं. झुंबरबाईंनी पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. सिंधूबाईंना मोतीबिंदूतून नुसता लाल डाग दिसला आणि त्या आणखीच घाबरल्या.

"पोथीत उमटलंय," साखरबाई कुजबुजल्या. "सोवळ्यात काय तरी चुकलंय, सिंधू."

"मंग थांबवा की आबांना."

"अध्याय मधी तोडला तर जास्त वंगाळ. तू थांबव तुझ्या घरात हाय तर."

आबांना शब्द कळले नाहीत, नुसती कुजबुज कळली. श्वास अडकल्याचे आवाजही कळले. चाळीस वर्षांत त्यांच्या वाचनाला बायका डुलक्या घेत, श्वास कुणाचा अडकला नव्हता. वीस ओव्या झाल्या म्हणून त्यांनी पान उलटलं. तिथे एका माणसाच्या कपाळापासून गळ्यापर्यंत टाके घातलेले होते. समोरून "आई गं" असा दबका आवाज आला आणि बसकरं मागे सरकल्याची खसखस झाली.

आता आबांचं डोकं चालू लागलं. बायका समोर बघून भितायत. समोर मी आहे. मला तर त्या चाळीस वर्षं बघतायत. म्हणजे त्या माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या मागे बघतायत. आणि मागे पडवीचं दार, दारापलीकडे ऊस. कालच साखरबाई सांगत होत्या की निमोण्यात त्यांच्या भाचीची शेळी बिबट्याने दावणीतून उचलली. म्हणजे मागे बिबट्याच. मागे वळून बघायची सोय नव्हती, कारण वळून काही दिसणार नव्हतं. उठून पळायचं तर काठी कुठे ठेवली तेही माहीत नव्हतं. थांबलं तर ते जनावर सावध होईल. मग एकच उरलं. आबा मोठ्याने आणि भरभर वाचू लागले.

पण आबा जितके भरभर वाचत तितकी पानं भरभर उलटत, आणि पान उलटलं की समोर हाय खाल्ल्यासारखा आवाज येई. ते जनावर दर पानाला एक पाऊल पुढे येतंय, असा आबांनी हिशेब बांधला. बायकांनी दुसराच बांधला. असली असली रूपं समोर येतायत आणि आबा त्यांच्यावर नजर रोखून, पापणी न हलवता वाचतायत, म्हणजे या माणसात काहीतरी आहे.

सहाव्या पानाला आबांना राहवेना. अध्याय तर तोडायचा नाही आणि विचारलं तर पाहिजे. त्यांनी चाल तीच ठेवली आणि ओवी जागेवर जुळवली.

"ऐका श्रोते सावधान । पाठीमागे असे कोण । सांगावे जी मजलागून । अध्याय न थांबविता ॥"

बायकांनी ते पोथीतलंच धरलं. पोथीच विचारतेय म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम मान वर करून आबांच्या पाठीमागे पाहिलं. त्या वेळी उघड्या पानावर एक पांढऱ्या तोंडाची, मोकळ्या केसांची बाई दारात उभी होती. आणि नेमकी त्याच घटकेला सायली पीठ चाळायचं संपवून पडवीच्या दारात आली. केस मोकळे, तोंड तांदळाच्या पिठाने पांढरं.

"झालं का?" तिने विचारलं.

साखरबाई पंच्याहत्तरीच्या होत्या, पण पहिल्यांदा उंबरा त्यांनीच ओलांडला. मागोमाग झुंबरबाई, त्यांच्या मागे उरलेल्या सगळ्या. सिंधूबाईंना वाट दिसत नव्हती, त्या आरडाओरड्याच्या रोखाने पळाल्या. सायलीला वाटलं, घरात जनावर शिरलं. चाळण टाकून तीही बायकांच्या मागे पळाली, आणि पांढरी बाई मागे लागलेली बघून बायका थेट शेवंतीच्या वावरापर्यंत थांबल्या नाहीत.

घरात आबा एकटे उरले. तोंड मात्र चालू होतं, कारण ते थांबलं तर रडू येईल अशी त्यांना भीती होती. "दुजे काही दिसेना, दुजे काही दिसेना," ते एकच चरण घोळवत होते. तेवढ्यात पावलं वाजली. आबांनी डोळे गच्च मिटले.

"आबा," समृद्धीचा आवाज आला. ती शाळेतून नुकतीच आली होती, दप्तर पाठीवरच होतं. "समद्या कुठं पळाल्या?"

"समृद्धी, पोरी, माझ्या मागं काय हाय?"

"दार हाय, कॅलेंडर हाय."

आबांनी डोळे उघडले. समृद्धीने चौरंगाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मग तिने जरा वेळ पुस्तकाकडे पाहिलं, जरा वेळ आबांकडे.

"आबा, हे माझं भुताचं पुस्तक हाय. आन् तुम्ही ते उलटं धरलंय." तिने त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. "तुम्हाला दिसत न्हाई ना?"

दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते सहावीतल्या पोरीने विचारलं. आबांना खोटं सुचलं नाही. "न्हाई गं," ते म्हणाले. "कुणाला सांगू नगं. चमच्यानं डोळा काढत्यात."

"मी न्हाई सांगत. तुम्ही पण पुस्तकाचं सांगू नका. आई बंबात घालील, आन् ते शाळेचं हाय."

सौदा ठरला. समृद्धीने पुस्तक दप्तरात कोंबलं, फोटोमागची पोथी काढून चौरंगावर सुलटी ठेवली, मोरपीस वर केलं आणि आबांचं बोट ओळीवर नेऊन ठेवलं. मग बायका परत आल्या. पुढे साखरबाई, हातात खुरपं. मध्ये तोंड धुतलेली सायली. दारातून त्यांनी पाहिलं तर आबा जागचे हलले नव्हते आणि शांतपणे वाचत होते. साखरबाईंनी लांबून मान उंचावून पोथीत पाहिलं. काळी अक्षरं. चित्राचा मागमूस नाही.

"गेलं," त्या म्हणाल्या. "आबांनी वाचून घालवलं." आणि खुरपं बाजूला ठेवून आबांच्या पाया पडल्या. आबांनी आशीर्वाद दिला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

इथवर सगळं झाकलं गेलं असतं. पण सिंधूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आबा, असला छातीचा माणूस मी पाह्यला न्हाई. तुम्ही शेजारी बसत असाल तर मी रविवारी दौंडला येते."

"मी पण करून घेते मंग," झुंबरबाई म्हणाल्या. बघता बघता नऊ बायका तयार झाल्या.

रविवारी जीपमधून उतरताना आबांचा गुडघा पहिल्यांदाच खरोखर लटपटत होता. शिबिरात सिंधूबाई खुर्चीत बसायला तयार होईनात. "आधी आबांना बसवा," साखरबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "त्यांस्नी गरज न्हाई, पर बसून दाखवू द्या. म्हंजी हिचं भ्या जाईल." डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मग कानाशी वाकून हळूच म्हणाले, "आजोबा, दोन्ही पार पिकलेत. तुम्ही इथवर आलात कसे? आजच करू, आधी उजवा, मग पुढच्या महिन्यात डावा." मागे नऊ बायका हात जोडून बघत होत्या. पळायचं म्हटलं तरी दार कुठल्या बाजूला आहे ते आबांना माहीत नव्हतं.

"आबा आधी करून दाखवत्यात," साखरबाईंनी मागे जाहीर केलं. "आपल्यासाठी."

टेबलावर आबा एवढंच बोलले, "डॉक्टर, बशी कुठाय?"

"चहा नंतर, आजोबा," डॉक्टर म्हणाले. दहा मिनिटांत काम झालं. चमचा निघाला नाही, बशी निघाली नाही, उजवा डोळा उजवीकडेच राहिला. पप्पूच्या सलूनमध्ये आबांनी त्यानंतर पाऊल ठेवलं नाही.

पुढच्या महिन्यात डावाही झाला. आबांना पिठाचा कण दिसू लागला, साखरबाईंच्या सुरकुत्या दिसू लागल्या आणि पोथीचं बारीकात बारीक अक्षर दिसू लागलं. मन भरून आलं त्यांचं. मग एका दुपारी त्यांनी समृद्धीला बाजूला घेतलं. "ते पुस्तक दाखव की. ज्याच्यापुढं मी हललो न्हाई ते काय व्हतं, बघू तरी."

पुस्तक तिने ग्रंथालयातून पुन्हा आणलं होतं, दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं. समृद्धीने आणून उघडलं, या वेळी सुलटं. आबांनी पांढराफटक माणूस पाहिला. त्याचे सुळे पाहिले. पान न उलटता त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून ते कितीतरी वेळ बसून राहिले. समृद्धी आता रात्री आईला उठवत नाही. आबा आपल्या घरातल्या सगळ्यांना उठवतात.

सिंधूबाईंनी दृष्टी परत आली म्हणून पुन्हा पारायण मांडलं आहे. आबा आता डोळे घट्ट मिटून वाचतात. "नवे डोळे मिळाले, पर वापरत न्हाईत. केवढं ध्यान लागतंय," सिंधूबाई सगळ्यांना कौतुकाने सांगतात. समृद्धी आबांच्या शेजारी बसते. वीस ओव्या झाल्या की पान उलटतं, आणि आबा डोळे न उघडता तिच्याकडे कलून हळूच विचारतात, "बघ गं, नुस्ती अक्षरंच हायेत ना?"

"व्हय, आबा," ती सांगते, आणि मग आबा पुढची ओवी घेतात.