मुक्ताची पंगत

मुक्ताने दोडक्याचा घास आजोबांच्या धोतरावर थुंकला आणि शांतपणे म्हणाली, “बिक्कीट.”

देवळाली प्रवऱ्यातल्या त्या घरात आठवडाभर हेच चालले होते. मुक्ता अडीच वर्षांची. दूध, बिस्किट आणि पांढरा भात एवढ्यावर तिचा संसार चालायचा. हिरवे काही दिसले की ओठ मिटायचे, आणि एकदा मिटले की संपातल्या साखर कारखान्याच्या फाटकासारखे, कोणी कितीही वाटाघाटी करा, उघडायचे नाहीत.

अजिनाथ आबांना मात्र हार मानून चालणार नव्हते. सून स्नेहल सोमवारी पुण्यात नव्या नोकरीवर रुजू होणार होती. पोरीला पाळणाघरात ठेवायचे की आजी-आजोबांकडे, हे अजून ठरायचे होते. आबांनी त्यासाठी पांडुरंगाला साकडे घातले होते. पांडुरंगाची काही हरकत दिसत नव्हती. अट स्नेहलची होती.

“आबा, रविवारपर्यंत तिनं भाजी-भाकरी खाल्ली तर ठेवते. नाहीतर बिस्किटं पुण्यात पण मिळतात.”

शनिवारची संध्याकाळ झाली तरी फाटक बंदच. धोतर पुसता पुसता आबांना आपलेच लहानपण आठवले. तेही घरात घासाला तोंड उघडत नसत. मग वडील त्यांना सप्त्याला घेऊन जायचे. काल्याचे कीर्तन संपले की देवळापुढे पंगत बसायची. पळसाच्या पत्रावळीवर भाकरी कुस्करून तिचे आळे करायचे, त्यात आमटीचा डाव पडायचा, आणि आळे फुटून आमटी बाहेर पळू नये म्हणून वडिलांचा रापलेला हात बांधासारखा आडवा यायचा. घरी एक घास न खाणारा अजिनाथ तिथे पुन्हा पुन्हा वाढून घ्यायचा. आजही कुठे टाळ वाजले की आबांच्या तोंडाला पाणी सुटायचे. हे त्यांनी कोणत्याही बुवांना सांगितले नव्हते.

आबांनी खुंटीवरचे टाळ काढले.

“दोडकोबा आले, विठ्ठल! ताटामध्ये बसले, विठ्ठल!”

मुक्ताने आश्चर्याने तोंड उघडले. आजी पुष्पावतीने चपळाईने घास सरकवला. गिळला! दुसराही गेला. तिसऱ्याला मुक्ताने सगळीकडे पाहिले. गेल्याच आठवड्यात ती आबांबरोबर कीर्तनाला जाऊन आली होती.

“आबा, लोक कुठायत?”

“येत्यात हां, येत्यात,” म्हणत आबांनी शेजारच्या मच्छिंद्रला हाक मारली. “मच्छिंद्रा, पखवाज घिऊन ये जरा. दोन घासांचं काम हाय.”

मच्छिंद्र पखवाज घेऊन आला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, “काकू, थोडी कणीक द्या.” पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक थापल्याशिवाय तो बोलायचा नाही. पोरगी जेवायची राहिली, पखवाज मात्र आधी जेवला.

आणि मग तो असा घुमला की साऱ्या आळीत ऐकू गेला. टाळ अधिक पखवाज म्हणजे कीर्तन, आणि कीर्तनाला कोणी आवतणाची वाट बघत नाही. पहिल्या आल्या भीमाबाई, नारळ घेऊन.

“व्हय भाऊ, घरात कीर्तन, आन आमाला सांगितलं बी न्हाई?”

“कीर्तन न्हाई वो, पोरीला जेवू घालतोय.”

“लई चांगलं. नातीच्या नावानं ठेवलं म्हना की,” म्हणून त्यांनी मांडी घातली.

मागून लंकाबाई सतरंजी घेऊन आल्या. अंगण भरले. कोणी आबांच्या कपाळी बुक्का लावला, कोणी गळ्यात वीणा अडकवली. जन्मभर मागच्या ओळीत टाळ कुटलेले आबा आता पुढे उभे होते. बसलेल्या माणसांना ‘उठा’ म्हणायची आळीत रीत नव्हती. आबांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

“मंग यशोदामाई म्हनली, कान्होबा, लोनी पुरं झालं. आता हा दोडका खा!”

“भाऊ, हे कोनत्या ग्रंथात हाय?” लंकाबाईंनी विचारले.

“ग्रंथ लई मोठा हाय, लंकाबाई. तुमी शेवटपर्यंत वाचलाय का?”

मंडळींनी माना डोलावल्या. मुक्ता पुढे बसून टाळ्या पिटत होती. दोडका ताटात तसाच होता.

आरती झाली, पण कोणी हलेना. सगळ्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे. पुष्पावतीने आबांना उपरण्याला धरून आत ओढले.

“आवं, चार भाकरी आन वाटीभर दोडका हाय. आता पानात काय माझं डोकं वाढू?”

दारातल्या भीमाबाईंनी ते ऐकले. “एवढंच व्हय? ए, ज्याच्या घरी जे शिजलंय ते घिऊन या गं!”

बघता बघता पातेली आली. शेपू, गवार, पिठलं, मेथीची पातळ भाजी, हुलग्याची शेंगोळी. पंगत बसली. आणि मुक्ता उठली. या मांडीवरून त्या मांडीवर, या ताटातून त्या ताटात, स्वतःच “आऽ” करत निघाली.

पुण्याची बॅग भरत असलेली स्नेहल गलबला ऐकून बाहेर आली आणि जागीच थबकली.

“आई, ती शेपू खातेय! अहो, शेपू मीसुद्धा खात नाही!”

“मंग तू बी बस तिच्याशेजारी,” पुष्पावती म्हणाली.

स्नेहल बसली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “आबा, राहू द्या तिला इथं.” आबांनी उपरण्याने घाम पुसला. घाम डोळ्यांतून येत होता.

सोमवारी पहाटेच स्नेहल पुण्याला गेली. दुपारी मुक्तापुढे गवार आली आणि फाटक पुन्हा बंद.

“लोक?”

टाळ वाजवून झाले. मच्छिंद्र कारखान्यावर पाळीला गेलेला. शेवटी आबा तिला कडेवर घेऊन भीमाबाईंकडे गेले. तिथे ती मेथी जेवली, वरून लंकाबाईंकडे पिठलं. आठवडा संपेपर्यंत आळीने तिला आपसात वाटून घेतले.

“भाऊ, तुमी कशाला हेलपाटा घालता? बसा निवांत,” भीमाबाई म्हणाल्या. “जेवली की आनून सोडते.”

आबा निवांत बसले. तेवढ्यात मोबाईलवर स्नेहलचा चेहरा उमटला.

“आबा, जेवली का मुक्ता?”

“लई जेवली. भोपळा, गवार, समदं!”

“आणि तुम्ही?”

आबांनी समोरच्या ताटाकडे पाहिले. गरम भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा. घर कसे शांत होते.

“दोन दिस झाले, घास जात न्हाई यांना,” पुष्पावतीने मागून सुनेला सांगून टाकले. “बारक्या पोरावानी ताटाकडं नुसतं बघत बसत्यात.”

फोन बंद झाला. आबा उठले, ताट हातावर घेतले आणि पायात चपला सरकवल्या.

“आता ताट घिऊन कुठं निघालात?”

“भीमाबाईकडं,” आबा म्हणाले. “बघत काय ऱ्हायलीस? तुझं बी घे.”