टेम्पोवरची सासू

सुनेनं पाठवलेला फोटो ज्योत्स्नाबाईंच्या फोनात उघडेना. पडद्यावर गोल चक्र फिरायचं, फिरायचं, आणि मग पाटी यायची: जागा शिल्लक नाही.

सून बुद्धप्रिया चार दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली होती. माहेर काही लांब नव्हतं, मुदखेडातच, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. पण तिच्या आईचे गुडघे नेमके तेव्हाच धरले, आणि चार दिवस कधीच उलटून गेले. 'येते' म्हणून निरोप नाही. फोटो आला तर तो उघडेना. पोर रुसली तर नसेल? मुलगा प्रेम नोकरीला लातूरला, नवरा दिवसभर टेम्पोवर. रिकामं घर बाईंना खायला उठलं होतं. मग त्या रोज दुपारी जळकोटच्या बहिणीला, लुंबिनीला, फोन लावायच्या आणि तासभर सुनेबद्दलच बोलायच्या.

आता हे बोलणं कसं असायचं, ते सांगायला हवं. सुनेवर बाईंचा जीव होता. पण जीव आहे म्हणून 'माझी सून गुणाची' असं माणूस किती वेळ सांगणार? दोन मिनिटांत फोन ठेवायची वेळ येते. तासभर बोलायचं तर तक्रारच लागते.

शेवटी फोन घेऊन त्या शेजारच्या वहिदाकडे गेल्या. वहिदानं आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मोबाइलचं दुकान टाकलेलं होतं. तिनं फोन वरखाली केला.

“भाभी, ऑडिओनंच सगळी जागा खाल्ली की हो. गाणी लई ऐकता काय?”

“हाव, भीमगीतं हायत. पोरानं भरून दिलीत.”

“लई म्हंजे लईच हायत. पुसून टाकू?”

“पुसू नको बाई! दुसरीकडं कुठं ठेवता येत असतील तर बघ.”

“मंग मेमरी कार्ड घ्या. सगळं कार्डात हलवते, फोन मोकळा.”

वहिदानं नखाएवढं काळं कार्ड फोनात सरकवलं आणि सगळा ऑडिओ त्यात हलवला. फोन एकदम हलका झाला. पण नवीनच अडचण निघाली. त्या फोनात एक तर दुसरं सिम बसायचं, नाही तर कार्ड. आणि घरात रेंज यायची ती दुसऱ्याच सिमला. ते काढलं असतं तर जळकोट तुटलं असतं.

“मंग कार्ड काढून जपून ठेवा,” वहिदा म्हणाली. “गाणी ऐकायची तवा घालत जा.”

घरी येईस्तोवर फोटो उघडला. हिरवीगार साडी होती आणि खाली, सासूला आत्या म्हणणाऱ्या सुनेनं लिहिलं होतं, 'आत्या, हा रंग चालंल का? तुमच्यासाठी बघून ठेवली.' ज्योत्स्नाबाईंनी फोटो दोनदा मोठा करून पाहिला. त्यांनी संध्याकाळी नवऱ्याला बजावलं, “उद्या फाटकापल्याड जातावं न्हवं? येताना पोरीला घेऊनच या. तिच्या आईला म्हणावं, आता पुरं झालं.”

व्यंकटराव टेम्पोवर बकेट, टप, मग, डबे विकायचे. टेम्पोच्या छतावर लाऊडस्पीकर, स्पीकरात कार्ड, कार्डात त्यांचाच आवाज: 'बकेट घ्या, टप घ्या, पडलं तरी फुटंना, घासलं तरी झिजंना!' हे दिवसभर ऐकून ते स्वतःच इतके कावले होते, की स्पीकर चालू करायच्या आधी कानात कापसाचे बोळे कोंबायचे. गिऱ्हाईक काय बोलतं ते त्यांना ओठांवरून आणि बोटांवरून कळायचं. आपल्या गल्लीत मात्र ते स्पीकर लावत नसत. तसा सगळ्या शेजाऱ्यांनी दम भरला होता.

रात्री ते कार्ड काढून चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवायचे. ज्योत्स्नाबाईंनी विचार केला, एवढीशी वस्तू घरात कुठंही ठेवली तर केरात जाईल. कार्ड ठेवायची जागा घरात एकच. त्यांनी आपलं कार्डही त्याच डबीत टाकलं आणि निर्धास्त झोपल्या.

सकाळी व्यंकटरावांनी डबी उघडली तर आत दोन कार्डं. एक जुनं, चुना लागलेलं, आणि एक कोरं करकरीत. 'प्रेमनं नवीन भरून पाठवलेलं दिसतंय,' ते मनाशी म्हणाले. पोराचं कौतुक वाटलं. आवाज साफ येईल म्हणून त्यांनी नवं घेतलं, आणि फाटक ओलांडल्यावर कानांत बोळे कोंबून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. म्हणजे सगळं ठीक होतं.

इकडे ज्योत्स्नाबाई सुनेच्या आवडीचे धपाटे लावत होत्या. एवढ्यात वहिदा दारातून धापा टाकतच आत आली आणि त्यांना बघून थिजली.

“भाभी, तुम्ही घरात हाव?”

“मंग कुठं असणार?”

“मंग फाटकापल्याड कोण बोलून राहिलंय?”

“काय बोलून राहिलीस वहिदा?”

“मी न्हाई, तुम्ही बोलून राहिलाव! दुकानाचा माल आणायला गेलते मी. भाईंच्या टेम्पोवरनं तुमचा आवाज येतोय. अख्खी गल्ली दारात उभी हाय.”

ज्योत्स्नाबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. “काय बोलून राहिले मी?”

वहिदानं पदर सावरला. “चहाचं,” ती हळूच म्हणाली.

चहाचं! ते तर परवा दुपारी लुंबिनीला सांगितलं होतं. ते टेम्पोवर गेलं कसं?

“भाभी, तुमच्या फोनात बोलणं रेकॉर्ड होतं काय?”

“मला काय ठाऊक! प्रेमनं मागं काहीतरी करून दिलं होतं. बँकेतून बोलतो म्हणून कुणी चोरटा फोन करून राहिला होता, तर पुरावा राहावा म्हणून…”

“मंग ती नुसती भीमगीतं नव्हती भाभी,” वहिदानं कपाळाला हात लावला. “मी सगळे तुमचे फोनच कार्डात हलवले!”

बाईंनी नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. कापसातून रिंग काय जाणार? धपाटं तव्यावर, तवा वहिदाच्या हवाली, आणि बाई चप्पल घालायचंही विसरून पळाल्या. फाटकापल्याड म्हणजे सुनेच्या माहेरची गल्ली. आज पोर घरी यायची होती. हे तिनं ऐकलं तर ती कशाला येते पुन्हा ह्या घरात?

फाटक बंद होतं. समोरून मालगाडी चालली होती, निवांत, पोटुशी बाई चालावी तशी. डबे संपता संपेनात. आणि दोन डब्यांच्या फटीतून, थोडा थोडा, बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागला.

“…आंघोळीला गेली का बाहेरच येत न्हाई. मला वाटतं, नळातनं निघून गेली का काय…”

शेजारी मोटारसायकलवर थांबलेला माणूस मनापासून हसला. “मावशी, कोण हाय हो ही बाई? लई खरं बोलून राहिली.”

“मला काय ठाऊक,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या आणि पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.

“…तरी एक सांगते लुंबिनी, पोरीसारखी पोर—” पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला, आणि नेमकं तेव्हाच इंजिनानं भोंगा दिला. लांबलचक दिला. भोंगा थांबला तेव्हा पलीकडे पुन्हा तक्रार, आता भाकरीची, सुरू झाली होती. बाईंना त्या ड्रायव्हरला खाली ओढून विचारावंसं वाटलं, बाबा, तुला हीच घडी सापडली का?

फाटक उघडलं. बाई गल्लीत शिरल्या तर दोन्ही बाजूंना बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात नवाकोरा मग. नुसतं ऐकत उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून प्रत्येकीनं एकेक घेतला होता. बाईंना बघून त्या एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. आणि टेम्पो उभा होता तो नेमका विहिणीच्या, सरजाबाईंच्या, दारात. व्यंकटराव घामाघूम होऊन माल काढत होते. जन्मात असा धंदा झाला नव्हता.

पायरीवर बुद्धप्रिया उभी होती. चेहरा पांढराफटक. वर स्पीकरातून तिची सासू सांगत होती:

“आन् चहा? चहा म्हंजे पाण्याला नुसती पत्तीची ओळख करून दिलेली. भाकर थापती तर शेजारचे इचारतेत, कुणाला मारून राहिले म्हणून!”

“बंद करा! अहो, बंद करा ते!” ज्योत्स्नाबाई ओरडल्या.

व्यंकटरावांना बायकोचे ओठ हललेले दिसले. “या, या!” ते खूश होऊन म्हणाले. “बघ किती गर्दी झाली!”

बाईंनी एक टप उलटा घातला, त्यावर चढल्या आणि स्पीकरच्या वायरीकडं हात नेला. हात पोचेना. “अगं माल हाय तो!” व्यंकटराव कळवळले. तेवढ्यात वरचं बोलणं आपोआपच संपलं. सासू टपावर, सून पायरीवर, दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

स्पीकर खरखरला. पुढचं सुरू झालं.

“आई, आत्याच्या फोनवरनं बोलून राहिले. माझ्या फोनला ह्या घरात रेंजच न्हाई…”

बुद्धप्रियानं पायरीवरून उडीच मारली. ती टेम्पोच्या चाकावर पाय देऊन वर चढली, वायर हातात धरली, आणि टपावरच्या ज्योत्स्नाबाईंनी तिचं मनगट पकडलं.

“खाली उतर.”

“आत्या, तुमच्या पाया पडते…”

“माझं सगळं ऐकलंस न्हवं? आता तुझं होऊ दे.”

गल्लीला एवढा आनंद झाला, की मागं उभ्या असलेल्या दोघी मग घ्यायला पुन्हा पुढं आल्या.

“…मी स्वयंपाक करताना मागं उभ्या राहतेत, परीक्षेत मास्तर उभा राहतो तसं. घोरतेत तर अशा, की पहिल्या रात्री मला वाटलं मालगाडी दारात येऊन थांबली. आन् चांगले कप कपाटात कुलुपात. पाहुणे आले की निघतेत, गेले की मोजून आत…”

“मोजत न्हाई मी!” ज्योत्स्नाबाई स्पीकरकडं बघून म्हणाल्या.

“मोजता आत्या,” बुद्धप्रिया खाली मान घालून म्हणाली.

एवढ्यात सरजाबाई चहाचा ट्रे घेऊन घरातून तरातरा बाहेर आल्या. “जय भीम विहीणबाई! बाहेर का उभ्या? या की आत…” आणि वरून त्यांचाच आवाज उत्तरला:

“तुझ्या सासूला मी साखरपुड्यातच वळखलं होतं. तोंडानं हसून राहिली होती आन् डोळ्यांनी माझी भांडी मोजून राहिली होती. तू चार दिवसाला म्हणून ये तर खरी. पुढं कसं ठेवून घ्यायचं, ते मी बघते.”

बुद्धप्रियानं वायर ओढून स्पीकर बंद केला. मग ती हळूहळू आईकडं वळली.

“आई… म्हंजे गुडघे?”

सरजाबाईंना तेव्हा आठवलं. त्यांनी ट्रे टेम्पोवर ठेवला, दोन्ही गुडघे धरले आणि विव्हळत पायरीवर बसल्या. पण घरातून ज्या चालीनं त्या आल्या होत्या, ती सगळ्या गल्लीनं पाहिली होती.

“मी रोज रात्री तेल चोळून राहिले!” बुद्धप्रियाचा आवाज फुटला. “आत्या तिकडं एकट्या, हे सारखं मनात येत होतं माझ्या, तरी मी चोळून राहिले!”

ज्योत्स्नाबाई टपावरून उतरल्या. एकट्या, हे ऐकल्यावर त्यांच्यातला सगळा ताठा निघून गेला. मालगाडीच्या भोंग्यात बुडालेलं ते वाक्य पुन्हा म्हणावं असं फार वाटलं, पण गल्लीसमोर तसलं बोलणं त्यांना कधीच जमलं नसतं.

“चल,” त्या म्हणाल्या. “चहा मी करत जाईन, भाकर तू थाप. कितीबी आवाज होऊ दे. आन् चांगले कप आजपासून बाहेर.”

“आन् घोरणं?”

“त्याला आता काय करू, जीव देऊ का?”

बुद्धप्रिया आधी हसली, मग रडली, मग आत जाऊन पिशवी घेऊन आली. पायरीवर आईजवळ ती क्षणभर थांबली. “खरंच दुखलं तर फोन कर,” ती म्हणाली. “तुझ्याच फोनवरनं, माझ्याच फोनवर. तो मी दारात, रेंजमध्ये ठेवीन.”

सासू-सुना टेम्पोत मागं, उरलेल्या बकेटांमध्ये बसल्या. व्यंकटरावांनी कानातला कापूस काढला आणि पाठीमागच्या छोट्या खिडकीतून विचारलं, “काय झालं? आज लोक गाडी सोडेचनात. आन् तुम्ही रडून राहिलाव का हसून?”

मग दोघींनी मिळून सगळं सांगितलं. व्यंकटरावांचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

“म्हंजे घरात जे जे कोण कोणाबद्दल बोललं, ते सगळं त्या कार्डात?”

“सगळं.”

व्यंकटरावांनी गाडी चालू केली, बंद केली. मग तोंड न वळवता, सहज विचारल्यासारखं विचारलं, “माझ्याबद्दल काय हाय?”

ज्योत्स्नाबाईंनी सुनेकडं पाहिलं, सुनेनं त्यांच्याकडं. दोघींनी आठवून पाहिलं. फार आठवून पाहिलं.

“काही न्हाई,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

“काहीच न्हाई?”

“एक शब्द बी न्हाई.”

“एवढं तास-तासभर बोलता,” व्यंकटरावांना खरोखर धक्का बसला होता, “आन् त्यात मी कुठंच न्हाई? मी काय घरात राहत न्हाई?” त्यांनी गाडी पुन्हा चालू करून गिअर असा टाकला, की मागच्या बकेटा एकमेकींवर आपटल्या. फाटकाचं वळण जवळ आलं तरी मान ताठ आणि मिशी थरथरत होती.

बुद्धप्रियाला राहवेना. ती खिडकीशी सरकली. “मामा,” ती सासऱ्यांना म्हणाली, “जेवताना तुम्ही तोंडानं मागत न्हाई. नुसतं बोट दाखवता. मीठ पाहिजे का लोणचं, ते आम्ही वळखायचं.”

व्यंकटरावांची मान किंचित वळली. “आसं?” गाल जरा सैल पडले. “आन् अजून?”

ज्योत्स्नाबाई दोन बकेटांच्या मध्ये नीट मांडी घालून बसल्या आणि पदर खोचला.

“मंग गाडी फाटकावरनं नका घेऊ,” त्या म्हणाल्या. “लांबच्या रस्त्यानं घ्या.”

आणि व्यंकटरावांनी मुकाट्यानं टेम्पो लांबच्या रस्त्याला वळवला.