‘मंजूर’च्या पुढचा शब्द

घराला नवी खिडकी पाडायची असो, गच्चीवर पत्रा घालायचा असो की पायऱ्यांच्या जागी उतार करायचा असो, नगरपालिकेच्या कार्यालयात अर्ज करावा लागे. आणि तो अर्ज फिरत फिरत शेवटी मुख्य कारकुनांच्या टेबलावर येई. बावीस वर्षं त्यांनी प्रत्येक अर्जावर ‘मंजूर नाही’ असा दोन शब्दांचा शेरा मारला होता. कार्यालयात त्यांना सगळे नन्नासाहेब म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना त्यात काही गैर वाटत नसे. मंजूर केलेल्या खिडकीतून उद्या कोणी पडलं तर चौकशी लागते. नामंजूर खिडकीतून आजवर कोणी पडलेलं नाही, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

मग कागदी फायली गेल्या आणि संगणक आला. नन्नासाहेबांना मराठी टायपिंग येत नव्हतं, म्हणून त्यांच्या संगणकात एक सोय बसवून दिली गेली. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी शब्द उमटायचा, खाली बारीक ठिपक्यांची रेघ घेऊन. दोन दिवसांत साहेबांचा हात बसला. ‘मंजूर’, मग स्पेस, मग ‘नाही’, आणि लगेच माउसने ‘पाठवा’. ते बटण दाबताच पुढचा अर्ज समोर येई, त्यामुळे मागे वळून बघायची सोयच नव्हती आणि त्यांना गरजही वाटत नव्हती. पूर्वी दिवसाला आठ अर्ज निकालात निघायचे, आता चाळीस निघू लागले. घरी त्यांनी हे कौतुकाने सांगितलं. बायको म्हणाली, “म्हणजे आता रोज चाळीस जण तोंड पाडून बसणार,” आणि तिने पंखा एका खटक्याने वाढवला.

तिसऱ्या आठवड्यात एक वयस्क शिंपीणबाई आल्या. त्यांच्या दारापुढे तीन पायऱ्या होत्या आणि नवरा चाकाच्या खुर्चीत. पायऱ्यांच्या जागी उतार करू द्या, असा अर्ज त्यांनी आजवर चारदा केला होता, आणि पाचवा गेल्याच आठवड्यात निकालात निघाला होता. आल्या आणि त्यांनी नन्नासाहेबांना हात जोडले. आपल्याला टोमणा मारायला आल्या आहेत अशी साहेबांची खात्रीच पटली.

“बाई, नियम म्हणजे नियम,” ते जरा कडक आवाजात म्हणाले.

“हो ना. आणि तो माणसासाठी असतो हे तुम्ही दाखवून दिलंत,” असं म्हणून बाई डोळे पुसत गेल्या.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी येऊ लागलं. एकाने गच्चीवरच्या नव्या पत्र्याचा फोटो आणला. दोन भाऊ, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, सामाईक दरवाजा मंजूर झाल्याचं सांगायला एकत्र आले. मोठ्या साहेबांना वरून कौतुकाचं पत्र आलं, की तीन आठवड्यांत एकही तक्रार न आलेलं हे पहिलंच कार्यालय. त्यांनी ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं. नन्नासाहेबांची मात्र झोप उडाली. शेवटी त्यांनी जाणाऱ्या पत्रांतलं एक उघडून वाचलं. त्यात छापलं होतं, ‘शेरा: मंजूर’. बस्स, एवढंच. त्यांनी दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, आणि मग खुर्ची धरून बसले.

संगणक दुरुस्त करणारी मुलगी आली. तिने त्यांना एक अर्ज समोर निकालात काढायला लावला आणि दुसऱ्याच मिनिटाला हसली.

“सर, ठिपक्यांची रेघ असेपर्यंत शब्द टायपिंगच्या सोयीच्या ताब्यात असतो. तुम्ही स्पेस दाबलीत की ती तो शब्द अर्जाच्या रकान्यात टाकते. तुम्ही ‘नाही’ लिहून थेट ‘पाठवा’ दाबता. ‘नाही’ तिच्याच हातात राहतो.”

“मग रकान्याने मागून घ्यायला नको?”

“त्याला वाटतं तिने आणून द्यावा. तिला वाटतं त्याने मागावा. शेजारच्या टेबलाने मागितली नाही, तर तुमच्याकडची फाइल तुम्ही आपणहून देता का?”

संगणकाचा कारभार नन्नासाहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजला. टायपिंगची सोय आणि अर्जाचा रकाना दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेले होते. दोघींना पत्रं गेली आणि चूक दुसरीची आहे असं दोघींनी तत्परतेने कळवलं. तोवर ‘नाही’ लिहिल्यावर आठवणीने स्पेस दाबायची, असं ठरलं.

मोठ्या साहेबांनी चुकून गेलेल्या पाचशे एक्केचाळीस मंजुऱ्या रद्द करायचा हुकूम काढला. नन्नासाहेबांनी पहिली शिंपीणबाईंची उघडली आणि तिथेच अडकले. नामंजूर करायला कधी कारण लागत नसे. दिलेली मंजुरी काढून घ्यायची तर ‘कारण’ हा रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नव्हता. त्यांनी बाईंची जुनी फाइल काढली. चार अर्ज, चार शेरे, त्यांच्याच वळणदार अक्षरात, आणि कारण कुठेच नाही. नियमांचं पुस्तक चाळलं, तर उतार करायला परवानगी होती. मग मोजायची फीत घेऊन ते स्वतः निघाले, निदान उतार रस्त्यावर चार बोटं तरी आला असेल या आशेने.

तो आला नव्हता. उताराच्या पायथ्याशी बाईंचे यजमान खुर्चीत बसून रस्ता बघत होते. वाकून फीत धरणारा हा गृहस्थ कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

“चार वर्षं आतच होतो,” ते आपणहून म्हणाले. “त्या ऑफिसात कोणी नन्ना होता म्हणे. त्याची बदली झालेली दिसते.”

नन्नासाहेबांनी फीत सावकाश गुंडाळली. “झाली असेल,” ते म्हणाले.

परत येऊन त्यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं, की कारण सापडत नाही. मोठ्या साहेबांनी भिंतीवरच्या चौकटीकडे एकदा पाहिलं आणि तपासणी चालू आहे असं लिहून ठेवायला सांगितलं. त्या कार्यालयात तपासणी चालू आहे असं एकदा लिहिलं की त्या कागदाला पुन्हा कोणी हात लावत नसे.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं बांधणाऱ्या एका कारागिराचा अर्ज आला. दोन खोल्यांमधली भिंत काढून त्याला एक मोठी खोली करायची होती. नन्नासाहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला. नकाशा उलटसुलट करून पाहिला. छताचा भार त्या भिंतीवर नव्हता. मग त्यांनी ‘मंजूर’ एवढंच लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मनापासून. छाती थोडी पुढे आली आणि त्याच भरात ‘पाठवा’ दाबलं. स्पेसची सूचना त्यांच्या डोक्यात ‘नाही’शीच बांधलेली होती. एकटा शब्दही शेवटचाच असतो, हे ध्यानात आलं नाही.

चार दिवसांनी कारागीर पत्र घेऊन दारात उभा राहिला. ‘शेरा’ या शब्दापुढे कोरी जागा होती.

“साहेब, यात काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे नाहीच समजायचं ना?”

नन्नासाहेबांनी पत्र हातात घेतलं. काय झालं ते त्यांना लगेच कळलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी खिशातलं पेन काढून कोऱ्या जागेत ‘मंजूर’ लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

कारागिराने ते दोनदा वाचलं. “पण साहेब, संगणकात तर कोरंच असेल. त्याला चालेल का हे?”

“त्याला कळवायला मला दोन-तीन दिवस लागतील,” नन्नासाहेब आवाज उतरवून म्हणाले. “तुम्ही तोवर भिंत पाडून घ्या.”