कौतुकावर चालणारे मिस्त्री

“ठीक आहे,” तपासनीस म्हणाले, आणि मिस्त्रींनी हातातली थापी बादलीत ठेवली.

मग त्यांनी हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत, या घराशी आता आपलं काही देणंघेणं उरलं नाही अशा थाटात. खुंटीवरचा शर्ट चढवला, पिशवी काखेत मारली आणि ते जिना उतरून गेले. भिंतीवर टाइलांची एकच ओळ बसली होती आणि खिडकीत त्यांच्यासाठी ठेवलेला चहा वाफाळत होता.

“हे कुठे निघाले?” तपासनिसांनी विचारलं.

“चहाला गेले असतील,” हॉलमधून आई म्हणाल्या.

“चहा इथेच आहे.”

“मग तू काहीतरी बोलला असशील.”

तपासनीस काही बोलले नव्हते. निदान त्यांच्या मते तरी. ते एका पाइपच्या कारखान्यात मालाची तपासणी करत. तयार पाइप त्यांच्यासमोर येई, त्यात खोट सापडली तर बाजूला जाई, नाही सापडली तर त्यावर ते ‘ठीक’ असा शिक्का मारत. याहून वरचा शिक्का कारखान्यात नव्हता, त्यामुळे तो तपासनिसांच्या तोंडातही नव्हता. सूर्यास्त ठीक, बढती ठीक. लग्नाआधी आपल्या होणाऱ्या बायकोला पहिल्यांदा भेटून आले, तेव्हाही आईंनी “कशी आहे?” विचारल्यावर ते “ठीक आहे” एवढंच म्हणाले होते. पोरगं पार पाघळलंय, हे आईंनी त्यावरून ओळखलं. पण असं ओळखायला आईच असावं लागतं.

बायकोला ते जमलं नव्हतं. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वहिनींच्या हाताला चव होती. त्यांच्या वांग्याच्या भाजीसाठी लोक आमंत्रण नसताना येत आणि तिची आठवण काढत परत जात. तपासनीस मात्र जेवत आणि म्हणत, “ठीक.” इतकी वर्षं झाली, तरी त्यांचा पहिला घास तोंडात गेला की वहिनींची नजर क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जाई. मग ती परत येई, रिकाम्या हातांनी.

नवं घर घेताना म्हणूनच वहिनींनी एकच अट घातली होती. “घर तुमच्या पसंतीचं घ्या. स्वयंपाकघर माझ्या पसंतीचं होईल.” त्याप्रमाणे जुना ओटा फोडून झाला. सिंक बाल्कनीत उलटं पडलं, डबे पलंगाखाली गेले, आणि शेगडी हॉलमध्ये चपलांच्या रॅकवर चढली. फोडणी घालताना समोर घरादाराच्या चपला दिसत. आईंचं म्हणणं, त्यामुळे भूक थोडी कमी लागते आणि ते प्रकृतीला चांगलं असतं.

आणि आता मिस्त्री निघून गेले होते.

संध्याकाळी वहिनी औषधांच्या दुकानातली नोकरी करून घरी आल्या, तर तपासनीस टाइलांच्या एकुलत्या एका ओळीसमोर उभे. वहिनींनी तिथूनच भावाला फोन लावला. मिस्त्री त्यानेच मिळवून दिले होते.

“भाऊजी काय म्हणाले त्यांना?” भावाने पहिला प्रश्न विचारला.

“ठीक आहे म्हणाले.”

पलीकडे भावाने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

“ताई, तुला बजावलं होतं ना! त्यांचा हात म्हणजे जादू आहे, पण ते कौतुकावर चालतात. गाडीत पेट्रोल घालतात ना, तसं. पाण्यावर नाही चालत ती!”

भावाने मिस्त्रींची समजूत घातली. मिस्त्री उद्यापासून येईन म्हणाले, पण दिवसभर घरात कोणीतरी ‘बघणारं’ पाहिजे. वहिनींना रजा नव्हती. आईंना जवळचं दिसत नव्हतं. राहता राहिले तपासनीस, ज्यांनी कामासाठी म्हणून मुद्दाम लांबलचक रजा काढली होती.

“म्हणा बघू, वा!” रात्रीची भांडी आवरल्यावर वहिनींनी शिकवणी सुरू केली.

“वा,” तपासनीस म्हणाले. दंतवैद्याकडे लोक तोंड उघडून म्हणतात तसं.

“जीव ओता थोडा. भुवया वर जाऊ द्या.”

“वा?”

“अहो, विचारताय कोणाला?”

“भुवया वर गेल्या की प्रश्नच होतो तो. आणि काम बघितल्याशिवाय कसं म्हणू? खोटा शिक्का मारायचा का?”

“नका मारू खोटा. नीट बघा आणि मग खरं वाटेल ते बोला. फक्त मोठ्याने बोला. बघायची तर तुम्हाला सवयच आहे.”

सकाळी मिस्त्री आले. मान ताठ, नजर भिंतीवर. तपासनिसांनी स्टूल ओढलं आणि ते बघायला बसले. मिस्त्रींनी दुसरी ओळ लावली, तिसरी लावली. तपासनीस उठले आणि त्यांनी आपल्या धंद्यातलं सगळं काढलं. टाइलीवर नाण्याने टकटक करून आत पोकळी आहे का ते ऐकलं. ओळंबा सोडून भिंत उभ्यात सरळ आहे का ते पाहिलं. लेव्हल धरली, तर तिच्यातला बुडबुडा मधोमध जाऊन झोपला. सांध्यांवरून नख फिरवलं, ते कुठेच अडलं नाही. जन्मभर खोट शोधलेल्या माणसाला खोट सापडेना. त्यांनी गाल भिंतीला लावला, एक डोळा मिटला आणि टाइलांवरून दूरवर पाहिलं.

“अरे, वा!” ते म्हणाले. भुवया आपोआप वर गेल्या होत्या.

मिस्त्री थबकले. “काय म्हणालात साहेब?”

“अहो, एक कड वर नाही, एक कड खाली नाही! आरसा उभा केल्यासारखी भिंत आहे ही. हे हाताने केलंत तुम्ही?”

मिस्त्रींनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू त्यांनाही शंका आली होती. मग ते असे काही कामाला लागले की दुपारी जेवायलाही उठेनात. त्यांना उठवण्यासाठी तपासनिसांना त्यांच्या डब्याचं कौतुक करावं लागलं.

इथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. पण बांध फुटला होता. आयुष्यभर न वापरलेले शब्द तपासनिसांच्या आत कोऱ्या मालासारखे पडून होते, ते आता बाहेर येऊ लागले. देखणं, कमाल, लाजवाब, अप्रतिम. आणि प्रत्येक शब्दागणिक मिस्त्रींचं काम वाढू लागलं.

“साहेब, तुमच्यासारखा बघणारा आजवर भेटला नाही,” मिस्त्री म्हणाले. “तुमच्यासाठी नुसती सरळ भिंत करणं म्हणजे तुमचा अपमान. इथे मसाल्यांसाठी एक कोनाडा काढतो.”

कोनाडा झाला. तपासनिसांनी त्याच्यापुढे नुसता हात छातीवर ठेवला. त्या हाताखातर कोनाड्याला कमान आली. कमानीला शोभावी म्हणून खिडकीला निळी किनार आली. किनार एकटी पडू नये म्हणून ती समोरच्या भिंतीवर गेली. मग मिस्त्री दारात उभे राहून पॅसेजकडे अशा नजरेने पाहू लागले की आईंनी आपली खुर्ची तिथून हलवली.

ओटा मात्र झाला नव्हता. ओट्याचा ग्रॅनाइट भिंतीला टेकून उभा होता, आणि वहिनी चपलांशेजारी उभ्या होत्या.

“त्या कोपऱ्यात त्यांनी काय वळण घेतलंय म्हणून सांगू!” तपासनीस जेवताना सांगत. “दोन भिंती भेटतात, पण भेटल्याचं कळत नाही! मी तर बघतच राहिलो.”

“भाजी कशी झालीय?” वहिनींनी विचारलं.

“ठीक. तर तो कोपरा…”

वहिनींनी आईंकडे पाहिलं. आईंनी भाताकडे पाहिलं.

“अहो, तुमचं कौतुक जरा आवरा,” वहिनी शेवटी म्हणाल्या. “भिंतींवर दिवाणखाना थाटलाय तुम्ही दोघांनी. मला ओटा पाहिजे. ओटा!”

तपासनिसांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कमानीखालची नक्षी दाखवली, तेव्हा ते मोठ्या कष्टाने एवढंच म्हणाले, “चांगलं आहे.”

मिस्त्रींचा चेहरा उतरला. “चांगलं?”

“म्हणजे… चांगलंच की.”

“काल अप्रतिम होतं साहेब. आज चांगलं झालं.” मिस्त्रींनी पिशवीतून छिन्नी काढली. “आवडलं नाही तर ठेवायचं कशाला? काढतो.”

आणि त्यांनी कमानीवर हातोडा घातला. एक टाइल खाली आली. दुसरीवर छिन्नी टेकली, तेव्हा तपासनिसांनी दोन्ही हात पसरून कमानीला पाठ लावली. “नका! अप्रतिम आहे! कालच्यापेक्षा अप्रतिम आहे! मी आंधळा होतो मिस्त्री!”

कमान वाचली. पण तिची डागडुजी करता करता मिस्त्रींना आणखी एक सुंदर कल्पना सुचली.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. कौतुक केलं तर काम थांबत नाही आणि नाही केलं तर उरत नाही, अशी ही अडचण. तपासनिसांनी कपाळाला हात लावला होता. वहिनी शेगडीखालची एक चप्पल पुसत होत्या, कारण तिच्यावर वरण सांडलं होतं.

“तुझे वडील गायचे,” आई अचानक म्हणाल्या.

“आई, आत्ता बाबांचं गाणं कुठून आलं?”

“ऐक तर. घसा बसायचा, शेजारी भिंतीवर ठोकायचे, पण गाणं थांबायचं नाही. नका गाऊ म्हणावं तर जेवण टाकायचे. मग मी एक युक्ती केली. म्हटलं, तुम्ही गाता छानच हो, पण शेवट काय सुंदर करता! गाणं कुठे थांबवावं ते तुमच्याकडूनच शिकावं. असं म्हटलं की पुढच्या ओळीत शेवट व्हायचा.”

तपासनीस आईंकडे बघत राहिले. “अप्रतिम,” त्यांच्या तोंडून निघालं. वहिनींनी चप्पल जोरात खाली ठेवली.

सकाळी मिस्त्री पॅसेजच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढत होते. तपासनीस त्यांच्यामागे हात बांधून उभे राहिले.

“मिस्त्री, काम करणारे पुष्कळ पाहिले. पण तुमची खरी कला मला काल उमगली.”

“कोणती साहेब?” पेन्सिल थांबली.

“थांबण्याची. कामात कुठे थांबावं हे फार थोड्यांना कळतं. दुसरा कोणी असता तर त्याने या पॅसेजचीही वाट लावली असती. तुम्ही बरोब्बर दारापाशी थांबलात. मानलं तुम्हाला!”

मिस्त्रींनी हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं. मग अंगठ्याने भिंतीवरच्या रेघा पुसल्या.

“बरोबर ओळखलंत साहेब,” ते गंभीरपणे म्हणाले. “थांबणंच अवघड असतं.”

त्याच दिवशी ओटा बसला, सिंक बसलं, नळ आला.

वहिनींनी पहिला स्वयंपाक केला तो वांग्याच्या भाजीचा. मिस्त्रींनाही मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. नव्या स्वयंपाकघरात, निळ्या किनारीखाली टेबल मांडलं. कोनाड्यात मसाले होते, त्यांच्यावर कमान होती, आणि हे सगळं खरोखरच इतकं सुरेख होतं की आईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. तपासनिसांनी पहिला घास घेतला. वहिनींची नजर सवयीने त्यांच्या चेहऱ्यावर गेली.

“ठीक,” तपासनीस म्हणाले आणि भिंतीकडे वळले. “पण मिस्त्री, या उजेडात ती किनार काय उठून दिसते हो!”

वहिनी उठल्या. त्यांनी तपासनिसांच्या पुढ्यातली भाजीची वाटी उचलली.

“अगं, जेवतोय मी!”

“आवडलं नाही तर ठेवायचं कशाला? काढते.”

मग भाताची वाटी गेली. ताट गेलं. भाजीच्या पातेल्यावर झाकण बसलं. वहिनींनी नव्या सिंकमध्ये हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत. ते हात धुणं तपासनिसांनी पूर्वी पाहिलेलं होतं आणि त्यानंतर काय होतं हेही त्यांना ठाऊक होतं.

मिस्त्रींनी आपली वाटी दोन्ही हातांनी धरली. “साहेब,” ते हळूच म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. कारागीर आहेत त्या.”

“मी काय बोलू आता?” तपासनिसांनी आईंना विचारलं.

“नीट बघ आणि मग बोल,” आई म्हणाल्या. “बघितलंयस कधी?”

तपासनीस उठले. त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या भाजीची तपासणी केली. वांग्याची एक फोड चमच्यावर घेतली, उजेडात फिरवली. जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मग दुसरी फोड घेतली. वहिनी दाराची कडी धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“एकही फोड फुटलेली नाही,” तपासनीस म्हणाले. “आणि एकही कच्ची नाही. मसाला देठापर्यंत गेलाय. मधे कुठे पोकळ नाही. तिखट येतं, पण मागून येतं. आधी गोडसर काहीतरी येऊन जातं आणि तिखट कधी आलं ते कळतच नाही. दोन चवी भेटतात, पण भेटल्याचं…” ते थांबले. “हे रोज असं असायचं? चपलांच्या रॅकवर केलेलंसुद्धा?”

“रोज,” वहिनी वळल्या नाहीत.

“अरे, मग मला कोणी सांगितलं कसं नाही!”

मिस्त्रींना ठसका लागला. आईंनी त्यांना पाणी दिलं. वहिनी वळल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नेमकं काय होतं ते तपासनिसांनी नीट बघितलं, आणि त्याबद्दलही काहीतरी म्हणाले. पण ते हळू म्हणाले, त्यामुळे आपल्याला ते ऐकू आलं नाही. त्यांना ताट परत मिळालं, एवढं मात्र दिसलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला वांग्याची भाजी होती. तपासनिसांनी तिला लाजवाब म्हटलं. तिसऱ्या दिवशी तीच भाजी, वर थोडे दाणे घालून. ते दाणेही कमाल निघाले. मग वांग्याच्या शेजारी वांग्याचंच भरीत आलं, आणि भरीत एकटं पडू नये म्हणून वांग्याचे काप आले. तपासनिसांनी घामेजल्या कपाळाने आईंकडे पाहिलं. आई लक्षपूर्वक निळी किनार न्याहाळत होत्या.

“अगं,” तपासनीस घसा साफ करून म्हणाले, “स्वयंपाक करणारे पुष्कळ असतात. पण तुझी खरी कला मला आज उमगली. एखाद्या पदार्थात कुठे थांबावं…”

“हे फार थोड्यांना कळतं,” वहिनींनी वाक्य पुरं केलं आणि त्यांच्या वाटीत आणखी एक डाव भाजी वाढली. “आई कालच म्हणाल्या, आता एकदोन दिवसांत तुम्ही हे म्हणाल.”

तपासनिसांनी वाटीकडे पाहिलं. फोडी सगळ्या सारख्या होत्या. रश्शाची कड कुठे वर नव्हती, कुठे खाली नव्हती. त्यांनी एक घास घेतला आणि त्यांच्या भुवया आपोआप वर गेल्या.

“वा,” ते म्हणाले. आणि काय करणार, ते अगदी खरं होतं.