शनिवारी ये, दोर आण

बटण दाबलं आणि आर्लिस क्रेबिलने कपाळावर हात मारला. भावाला, माइलोला, लिहिलेली ईमेल विद्यापीठाच्या झाडून सगळ्या माजी विद्यार्थ्यांना गेली होती. 'शनिवारी सकाळी ये. मला एकटीला झेपणार नाही. दोर आण.'

कारण साधंच होतं. आवारातली सर्वांत जुनी, सुटी उभी असलेली लाकडी वर्गखोली सोमवारी पाडून तिथे गाड्यांसाठी जागा करायची होती. आर्लिसला आतला पियानो वाचवायचा होता. माजी विद्यार्थी कार्यालयात ती एकटीच. तिने घाईघाईने दुसरी ईमेल पाठवली, 'चूक झाली, कृपया येऊ नका.' पण विद्यापीठ मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं, आणि मेनोनाइट माणसाला एकदा मदतीला ये म्हटलं की पुढचं कुठलं ऐकू येतंय! 'संकोच करतेय बिचारी,' असंच जो तो समजला.

शनिवारी गव्हाच्या शेतांमधल्या रस्त्यावरून गाड्यांची रीघ लागली. कुणी दोर आणला, कुणी शिडी, आणि जेवणाचं झाकलेलं भांडं तर प्रत्येक घरातून आलं. ऑरविल श्राग नावाचे म्हातारे शेतकरी ट्रकमधून उतरले.

"कोणाचं कोठार जळलं गं? पुन्हा उभारायचंय ना?"

"कोणाचंच नाही हो, काका! पियानो हलवायचाय."

"एवढंच?" काकांचा चेहरा पडला.

आर्लिसने 'जपून' म्हणायच्या आत पियानो बाहेर आला होता. आता शेकडो धडधाकट माणसं रिकाम्या हातांनी उभी. त्यांना हे सोसवेना.

"आणि या खोलीचं काय?" काकांनी विचारलं.

"परवा पाडणार."

"चांगली मजबूत आहे की! उचलू या."

"काका, खोली आहे ती, पेटी नाही!"

"दगडांवर नुसती टेकलीये. खालून कोणी धरून ठेवलीये थोडीच?"

बघता बघता ट्रकमधून लांब वासे उतरले, भिंतींना आडवे ठोकले गेले.

"अहो, विद्यापीठाच्या अध्यक्षांना विचारायला हवं!" आर्लिस वाशांसमोर आडवी आली. तिला आपली नोकरी डोळ्यांसमोर जाताना दिसत होती.

"विचारू की. उचलल्यावर."

हातोड्यांचा आवाज ऐकून अध्यक्ष वर्नन फोट धावतच आले. "हे काय चाललंय? कोणी बोलावलं यांना?"

"मी," आर्लिस म्हणाली. खोटं तिला जमत नसे.

अध्यक्षांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काठी टेकत एस्थर गेरिंगबाई पुढे आल्या. वर्ननला त्यांनी गणित शिकवलं होतं.

"वर्नन, ओरडू नकोस. तो कोपरा रिकामा आहे, धर."

"बाई, पण ही ठेवायची कुठे? त्यासाठी समिती नेमावी लागेल!"

"नेम ना. आम्ही तोवर धरून उभे राहतो."

अध्यक्षांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "लायब्ररीच्या मागे... एल्मच्या झाडाखाली?"

"झाली समिती," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी कोट काढून आर्लिसच्या हातात दिला आणि कोपरा धरला. पावलं जुळवायला ऑरविलकाकांनी चार आवाजांत गायच्या एका भजनाचा सूर लावला. पुरुषांचे जाड आवाज खालून आले, बायकांचे वरून, मधले दोन्ही सूर आपोआप भरले गेले. वाद्य नाही, ताल द्यायला कोणी नाही. आणि खोली उठली. छपरासकट, खिडक्यांसकट, काचही न तडकता जमीन सोडून वर आली आणि हिरवळीवरून सावकाश चालू लागली. आर्लिस कोट छातीशी धरून बघत राहिली. रोज याच लोकांचे पत्ते टाइप करणारी ती, पण हे एवढे आहेत, असे आहेत, हे तिला आजच कळत होतं.

एल्मखाली सगळे थांबले. घामाने डबडबलेले काका धापा टाकत ओरडले, "ठेवायची ना खाली?"

"थांबा!" लालबुंद झालेले अध्यक्ष कोपऱ्यातून गरजले. "अजून एक कडवं राहिलंय!"

आणि शेकडो माणसं खोली हातांत धरून ते शेवटचं कडवं गात उभी राहिली.