सम्लीने निवडलेला ब्रश

"रविवारी जत्रेत सम्लीच्या अंगात एक जरी गुंता सापडला, तर मी तुझ्याशी बोलायची नाही," व्हॅनच्या पायरीवर एक पाय ठेवून सासूबाईंनी बजावलं.

"आई, पण तिला विंचरायचं कशानं?" ओटने विचारलं.

सासूबाईंना, म्हणजे लमदुअनबाईंना, एकाएकी घाई झाली. "अरे, आण की बाजारातून एखादा चांगलासा!" म्हणत त्या आत शिरल्या आणि व्हॅन थोरल्या लेकीच्या गावाकडे निघाली.

ओट घरजावई होता. बांग रकाममध्ये त्यात कमीपणा नाही, अर्धा गाव बायकोच्या घरी नांदतो. पण चार वर्षांत सासूबाईंनी त्याच्यावर एकही काम सोपवलं नव्हतं. त्याने भाताच्या कुकरचं बटण दाबलं, तरी त्या मागून येऊन पुन्हा दाबून बघत. आणि आता एकदम सम्लीच! त्यांच्या भाषेत सम्ली म्हणजे कापूस, आणि कुत्री तशीच होती: पांढरीशुभ्र, गळ्याभोवती आयाळ, अस्सल बांगकाएव जातीची. मागच्या वर्षी जत्रेतल्या स्पर्धेत मांडीमागच्या एका गुंत्यापायी तिचा पहिला नंबर हुकला होता. सासूबाई ते दुःख अजून जेवताना उगाळत.

"वरच्या केसांना हवाय की आतल्या लोकरीला?" बाजारातल्या दुकानदारबाईंनी विचारलं.

"कुत्रीला हवाय."

"अहो दादा, दाट केसांची ना? मग तिच्या अंगावर दोन थर असतात. वर केस, आत लोकर. वरून गुळगुळीत दिसतं आणि आत गुंत्यांचा नमदा होतो."

नाही म्हणणं ओटच्या स्वभावात नव्हतं. तो वाकड्या तारांचा ब्रश, लांब दातांचा स्टीलचा कंगवा आणि लोकर काढायचं दाताळं असं सगळंच घेऊन आला.

तारांचा ब्रश पाहून सम्ली गुरगुरली. कंगवा पाहून खांबांवर उभ्या घराच्या खाली जाऊन बसली. दाताळं तिने तोंडात धरलं, आंब्याखाली नेलं आणि पुरलं.

"माझ्याकडे बघू नकोस," बायको पानचित म्हणाली. "ती फक्त आईचं ऐकते. मी पोटची पोर असून माझ्यावर भुंकते."

गुरुवारी मांडीमागे सुपारीएवढा गुंता झाला. ओट डोकं धरून बसला. तेवढ्यात सम्ली उठली, न्हाणीघराच्या बंद दारावर पंजा मारून आली, मग सासूबाईंच्या खोलीत गेली आणि आरशापुढचा लाकडी ब्रश तोंडात धरून घेऊन आली. तो तिने ओटच्या पायाशी ठेवला आणि चारी पाय वर करून आडवी झाली.

डोकं म्हणजे माणसाचं सगळ्यात पवित्र अंग. मोठ्यांच्या डोक्याजवळून जातानाही वाकून जायचं. आणि त्याच डोक्याचा ब्रश कुत्रीच्या मांडीमागे फिरवायचा?

"तुला नरकातही घेणार नाहीत," पानचित म्हणाली. हा ब्रश तिनेच नव्या वर्षाला आणला होता, एक आईला आणि तस्साच एक नवऱ्याला. तिने एकवार सम्लीकडे पाहिलं. "पण पडलीय बघ कशी लोण्यासारखी. मी काही पाहिलं नाही हं."

ओटने हात जोडले आणि ब्रश फिरवला. शनिवारपर्यंत सम्ली पिंजलेल्या कापसाचा ढीग झाली. ब्रश त्याने तीनदा शांपूने धुतला. स्वतःचा ब्रशही त्याने इतका कधी धुतला नव्हता. त्यात हल्ली पांढरे केस निघत आणि पस्तिशीतच म्हातारपण आलं म्हणून तो रोज सकाळी डोक्याला काळं तेल चोळत असे.

दुपारी सासूबाई आल्या. त्यांनी सम्लीच्या मांडीमागे बोटं घातली, आयाळ उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "ओट, जेवलास का रे?" चार वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. त्याला भरून आलं. तेवढ्यात त्या आरशापुढे बसल्या, अंबाडा सोडला आणि ब्रश उचलला.

"आई, थांबा!"

माफी मागायला रीतीप्रमाणे फुलं आणि मेणबत्ती ठेवलेलं तबक घेऊन ओट गुडघ्यांवर सरकत खोलीत आला. त्याने सगळं सांगितलं आणि कपाळ जमिनीला टेकवलं. आता पुन्हा कुकरच्या बटणालाही हात लावू देणार नाहीत, हे तो धरूनच चालला होता.

सासूबाईंनी ब्रश उलटा करून पाहिला.

"या ब्रशनं गप्प पडून राहिली?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई. स्वतःच उचलून आणला."

"वेडी कुठली! हा तिचा नव्हेच," त्या बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"मग तिचा कुठला?" दारातून पानचितने विचारलं.

सासूबाई ब्रशच्या मुठीकडे बघत राहिल्या. "तू कामावर गेलास ना, की रोज मी... न्हाणीघरातला. तुझ्या टॉवेलाशेजारी असतो तो. फार छान बसतो रे तिच्या लोकरीत."

ओटचा हात हळूहळू आपल्या डोक्याकडे गेला.

लमदुअनबाईंनी तबकातली अर्धी फुलं उचलून त्याच्यापुढे ठेवली. धाकट्यापुढे मोठ्यांनी हात जोडायचे नसतात, तरी त्यांनी जोडले.

"आता तूही मला माफ कर," त्या म्हणाल्या. "आणि ते काळं तेल बंद कर बाबा. तुझा एकही केस पांढरा नाही."