नारिंगी टोपीचा पहारा

"या घरात कुणीही बुडणार नाही! ते माझ्यावर सोडा!"

निवृत्त ग्रंथपालांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून हे वाक्य उच्चारलं, तेव्हा घरातले सगळे हातातला घास हातातच धरून थांबले. वाक्यात काही नवल नव्हतं. नवल एवढंच होतं, की वाक्याच्या शेवटी 'असं आपलं मला वाटतं' नव्हतं! हे गृहस्थ जन्मभर 'आज रविवार आहे, असं आपलं मला वाटतं' अशा थाटात बोलत आले होते. वाचनालयात कुणी मोठ्याने गप्पा मारू लागलं, तर ते 'शांत राहा' असंसुद्धा म्हणत नसत. नुसते जवळ जाऊन खिन्न चेहऱ्याने उभे राहत.

पण आता मुलाने परसात पोहण्याचा तलाव बांधला होता, आणि घरात दोन लहान नातवंडं होती. ग्रंथपालांना स्वतःला पोहता येत नव्हतं. अंघोळीच्या बादलीकडेही ते जरा जपूनच बघत. आणि ज्या गोष्टीची भीती वाटेल त्या गोष्टीवर पुस्तक वाचायचं, ही त्यांची जुनी खोड. घरच्या तलावाभोवती कसं वागावं, यावरचा एक जाडजूड ग्रंथ त्यांनी शेवटच्या सूचीसकट वाचून काढला आणि मुलाच्या मागे लागून सगळं करून घेतलं. उंच कुंपण झालं. आपोआप लागणारं फाटक झालं, त्याची खिटी मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी वर. भिंतीवर लांब काठी आणि तरंगणारं गोल कडं टांगलं गेलं. आणि सगळ्यात शेवटी आली टोपी. भडक नारिंगी!

"ही ज्याच्या डोक्यावर, तो पहारेकरी," ग्रंथपाल म्हणाले. "पाण्यात एक जरी माणूस असला, तरी पहारेकऱ्याने पाण्यावरची नजर काढायची नाही. फोन नाही, गप्पा नाहीत, पुस्तक नाही. मान मागे वळवायची नाही. दुसऱ्या मोठ्या माणसाने टोपी हातात घेऊन 'पाणी माझ्याकडे' असं मोठ्याने म्हटल्याशिवाय उठायचं नाही!"

"म्हणजे हौदावर हवालदार!" आजी म्हणाल्या. तलावाला त्या पहिल्या दिवसापासून हौदच म्हणत.

"आणि शिंक आली तर, बाबा?" मुलाने विचारलं.

"डोळे उघडे ठेवून शिंकायचं!"

"तसं शिंकता येत नाही."

ग्रंथपाल गडबडले. "मग... लवकर शिंकायचं."

"आणि जो पाण्यात असेल त्याने टोपी घालायची की नाही?" सुनेने विचारलं.

"पाण्यातला माणूस पहारेकरी होऊच शकत नाही! साफ चूक!"

पहिले काही दिवस टोपीसाठी भांडणं झाली. मग ऊन वाढलं, टोपीखाली डोकं तापू लागलं, आणि टोपी दिसली की घरातल्या माणसांना एकाएकी कामं आठवू लागली.

त्या रविवारी सुनेचे वडील राहायला आले होते. व्याही मोठे गमत्ये. पोट गोल, हसणं त्याहून गोल. विमा विकण्यात आयुष्य गेल्यामुळे खोटं बोलतानाही त्यांचा चेहरा तान्ह्या मुलासारखा दिसायचा. जेवणं झाली, जरा वेळ गेला, मुलं पाण्यासाठी नाचू लागली. ग्रंथपालांनी टोपी चढवली आणि काठावरच्या खुर्चीत ताठ बसले. "थोड्या वेळाने मी येतो, बाबा," मुलगा म्हणाला. व्याही काळा चष्मा लावून हवेच्या गादीवर आडवे झाले आणि तलावाच्या मधोमध तरंगू लागले.

थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. मुलगा काही आला नाही.

आणि मग पाठीमागे, घरात, काहीतरी पडलं. ढप्प!

"हळू!" मुलाचा दबका आवाज आला. "बाबांना ऐकू जाईल!"

ग्रंथपालांच्या मनात पाल चुकचुकली. कान टवकारले गेले, पण मान वळवता येईना! नियम त्यांचाच!

"आणखी किती वेळ बसतील हो ते?" हा सुनेचा आवाज.

"बसू दे. तिकडे आहेत तोवर आपलं निभतंय!"

काय निभतंय? चारच दिवसांपूर्वी सून त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "केवढी जागा अडलीय या कपाटांनी!" चार कपाटं पुस्तकं. नोकरीत असताना पोटाला चिमटा काढून जमवलेली. ती गेली, तर या घरात ग्रंथपालांचं म्हणून उरणार काय? एक टोपी!

नात समोर पाण्यात उभी होती आणि तिचं तोंड घराकडे होतं. मागच्या दाराला मोठी काच. ग्रंथपालांनी नजर पाण्यावर खिळवून ठेवत ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं, "छकुले, माझ्या मागे काय दिसतंय गं?"

"बाबा दिसतायत. मोठ्ठं खोकं घेऊन चाललेत."

"कुठे?"

"तुमच्या खोलीत."

"रिकामं की भरलेलं?"

"बाबा वाकलेत. आणि तोंड असं असं करतायत."

म्हणजे भरलेलं! "आणि आई?"

"आईच्या हातात सुतळी आहे."

"आजीच्या हातात झाडू!" धाकट्याने माहिती पुरवली.

खोकी, सुतळी, झाडू! ग्रंथपालांना आता पुरावा नको होता. खोली रिकामी करायला आणखी काय लागतं? आणि त्यात ही! जन्माची जोडीदारीण! झाडू घेऊन शत्रूला सामील!

तेवढ्यात मुलांना थंडी वाजू लागली. दोघं बाहेर आली, फाटक वाजलं, आजींनी त्यांना टॉवेलात गुंडाळलं आणि कुणी काही म्हणायच्या आत घरात नेलं. ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला. पाणी रिकामं! पहारा संपला! त्यांनी टोपीला हात घातला, आणि...

"घर्रर्र..."

पाण्याच्या मधोमध व्याही घोरत होते.

हात पुन्हा खाली आला. पाण्यात एक जरी माणूस असला तरी! ग्रंथपालांनी खाकरून पाहिलं. "व्याहीबुवा... उठता का? म्हणजे, सवड असेल तर."

"घर्रर्र..."

ग्रंथपाल बारकाईने ऐकू लागले. हे घोरणं त्यांना पसंत पडेना. खऱ्या घोरण्यात एखादी चूक असते. मधेच अडतं, फिसकटतं. हे तर छापून काढल्यासारखं एकसारखं होतं! आणि डोळ्यांवर काळा चष्मा! मिटलेत की उघडे, कुणाला कळणार? सगळा डाव आता लख्ख दिसला. दाराला अडसर घालावा तसा हा माणूस तलावात घातलेला होता! हा पाण्यात, म्हणून ग्रंथपाल खुर्चीत, म्हणून खोली मोकळी. वा रे वा, सोयरे!

त्यांनी भिंतीवरची काठी काढली आणि गादीला हळूच टोचलं. गादी भोवऱ्यासारखी फिरून पलीकडे शिडीपाशी गेली. घोरणं चालूच. पण चष्म्याखालचा ओठ जरासा हसला, हे ग्रंथपाल शपथेवर सांगायला तयार होते.

तलावाच्या एका बाजूला घराचीच भिंत होती आणि त्या भिंतीत ग्रंथपालांच्या खोलीची खिडकी. सकाळी पडदा उघडा होता. आता डोळ्याच्या कडेला तो ओढलेला दिसत होता! का ओढला?

ग्रंथपालांच्या मनात घनघोर युद्ध झालं. शेवटी त्यांनी टोपी काढून खुर्चीच्या पाठीवर अडकवली, म्हणजे निदान पाण्याला तरी वाटावं की कुणीतरी बसलंय, आणि भिंतीशी जाऊन पडद्याच्या फटीला डोळा लावला.

आत खोक्यांचा डोंगर होता. खाट भिंतीला रेटलेली. आणि कपाटं? कपाटं दिसतच नव्हती!

ते किती वेळ तसे उभे राहिले, त्यांनाही सांगता आलं नसतं. डोळ्यांत पाणी आलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, तरी खोकीच. मग आयुष्यात पहिल्यांदा कडाडून भांडायचं ठरवून ते गर्रकन वळले.

गादी रिकामी होती.

गादीवर फक्त काळा चष्मा होता. पाणी डुचमळत होतं.

पुस्तकं, खोकी, डाव, सगळं डोक्यातून पार पुसलं गेलं. माणूस बुडाला! आपण पाठ फिरवली आणि माणूस बुडाला! ग्रंथात लिहिलं होतं, पोहता येत नसेल तर उडी मारू नका, तरंगणारं काही फेका आणि ओरडा. त्यांनी भिंतीवरचं कडं ओढलं आणि रिकाम्या पाण्यात भिरकावलं.

"धरा, व्याहीबुवा, धरा! संकोच करू नका!"

कुणीच धरलं नाही. आता ओरडायचं. पण सवय कुठे होती? "अहो... जरा ऐकता का... इकडे एक जण..." वाचनालयात बोलावं तसा आवाज निघाला. मग कुठून कोण जाणे, पोटातून असा काही हंबरडा फुटला, की कुंपणावरचे कावळे उडाले.

"व्याही बुडाले होऽऽ!"

मागचं दार धाडकन उघडलं. डोक्याला फडकं बांधलेला मुलगा धावत आला आणि तसाच, चपलांसकट, पाण्यात! त्याच्यामागे सून. तिच्या मनगटाला सुतळी गुंडाळलेली, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला रद्दीचा गठ्ठा! सून पाण्यात, गठ्ठा पाण्यात, गठ्ठा सुटला आणि क्षणात सगळा तलाव जुन्या वर्तमानपत्रांनी झाकून गेला. तळ दिसायचं बंद झालं!

"इकडे बघ! कोपऱ्यात!"

"कागद दूर करा आधी!"

आजी काठावरून झाडू पुढे करून ओरडत होत्या, "व्याहीऽ! याला धरा! मी ओढते!"

ग्रंथपाल काठी घेऊन कागदांखाली ढवळत होते. दोन्ही नातवंडं काचेला नाकं लावून ही मजा बघत होती, आणि आपल्याला का बोलावलं नाही म्हणून रुसली होती.

एवढ्यात दारातून आवाज आला. "अरे, कोण बुडालं?"

"बाबा बुडाले!" सून मागे न बघता, पाण्यात हात घालून चाचपडत ओरडली.

"अरे देवा! कुणाचे? तुझे की त्याचे?"

"माझे!"

हातातला चहाचा कप घाईघाईने पायरीवर ठेवून व्याही उडी मारायला धावले. अगदी काठावर पोचले आणि थबकले.

"पण... मीच की तो!"

पाण्यातले सगळे वर बघू लागले. मुलाच्या डोक्यावर वर्तमानपत्राचं एक पान चिकटलं होतं.

"बाबा," सून ग्रंथपालांकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "हे कधी बाहेर आले? तुमचं लक्ष कुठे होतं?"

ग्रंथपालांनी मान खाली घातली. "मी... खिडकीशी गेलो होतो."

"आणि खरंच बुडाले असते तर?"

ग्रंथपाल मागे सरकून खुर्चीत बसले, ते पाठीवरून घसरलेल्या टोपीवरच. पण आता लपवण्यासारखं उरलं होतं काय? "माझी पुस्तकं," ते म्हणाले. "तुम्ही सगळी पुस्तकं खोक्यांत भरलीत. मला इथे बसवून. यांना मुद्दाम पाण्यात ठेवून!"

"मला कुणी ठेवलं नाही हो!" व्याही दचकून म्हणाले. "मीच राहिलो! काठावर रिकामा दिसलो असतो तर टोपी माझ्या डोक्यावर आली असती. पाण्यातल्या माणसाला टोपी देता येत नाही, नियम तुमचाच! मग तुम्ही पाठ वळवलीत, मला चहाची तलफ आलेली. खिटीचा आवाज न करता सटकलो!"

"म्हणजे घोरत नव्हतात?"

"थोडं मनापासून, थोडं तुमच्यासाठी."

ग्रंथपालांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा काठाला धरून उभा होता आणि नजर चुकवत होता.

"मी माळा साफ करत होतो, बाबा. खोकी माळ्यावरची आहेत. कुठेतरी ठेवायची म्हणून तुमच्या खोलीत ठेवली."

"माळा? आज? घर बांधल्यापासून तू माळ्यावर डोकावला नाहीस!"

"हातात काम असलं की कुणी टोपी घे म्हणत नाही ना..."

"मी रद्दी बांधत होते," सून पुटपुटली. "एकदा बांधलेली सोडून पुन्हा."

"आणि हळू, बाबांना ऐकू जाईल, ते काय होतं?"

"तुम्हाला ऐकू गेलं असतं, तर तुम्ही मला टोपी घ्यायला बोलावलं असतं!"

ग्रंथपालांनी आजींकडे पाहिलं. आजींनी झाडू पाठीमागे लपवला. "माझ्याकडे काय बघता? मी झाडलेलंच पुन्हा झाडत होते!"

"म्हणजे... पुस्तकं?"

"खोक्यांच्या मागे आहेत, जिथल्या तिथे."

"पण सूनबाई, जागा अडलीय म्हणाला होतात तुम्ही..."

"म्हणाले होते, बाबा. म्हणायला काय जातं?"

आजींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुमची चिमूटभर वजनाची टोपी डोक्यावर चढवायला नको, म्हणून ही माणसं माळ्यावर चढली. ती तुमची चार कपाटं उचलतील होय?"

ग्रंथपालांच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. खोली राहिली! पुस्तकं राहिली! आता त्या पुस्तकांच्या वाटेला कधीच कुणी जाणार नव्हतं.

वाचायलासुद्धा!